मिंध्यांच्या जेवणावळी

मराठवाड्याच्या मागासलेपणावर चिंतन करायचे आणि त्या चिंतनाचे ताट पाच हजार रुपयांना विकायचे, हा मला निर्लज्जपणा वाटतो. शब्द कडक आहे. तो मी मागे घेणार नाही.

नांदेड-लातूर पट्ट्यात अलीकडे अभ्यासगट, विकास मंच, विचारपीठ अशा नावांच्या संस्था बऱ्याच झाल्या आहेत. कुणाच्या लेटरहेडवर सिंचन असते, कुणाच्या शिक्षण, कुणाच्या नुसतेच धोरण. वर्षातून एकदा त्यांचा निधी गोळा करण्याचा कार्यक्रम होतो. जिल्ह्याच्या ठिकाणचे मोठे हॉटेल, दुपारचे जेवण आणि जेवणाआधी टीव्हीवरच्या नावाजलेल्या पत्रकाराचे भाषण. महिनाभर आधी त्यांचा माणूस प्रवेशिकांचे पुस्तक घेऊन नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या मुखेडच्या मोंढ्यात फिरतो. आडत्याकडे जातो, कृषी केंद्रात जातो, डॉक्टरांकडे, शाळा चालवणाऱ्यांकडे, गुत्तेदारांकडे जातो. साधी प्रवेशिका पाच हजारांची. त्याच्या वर चढते दर. जास्त दिले तर पुढचे टेबल, त्याहून जास्त दिले तर फलकावर नाव, आणि सगळ्यांत जास्त देणाऱ्याला पाहुण्यांच्या शेजारी बसून जेवण आणि फोटो.

केंद्राने २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनला जाहीर केलेला हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. मोंढ्यात बहुतेकांचा माल पाच हजारांच्याही खालीच गेला. म्हणजे मुखेड तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याने एक क्विंटल सोयाबीन विकले तरी त्याला या जेवणातले एक ताट परवडत नाही. ज्याच्या दुःखावर भाषण ठेवले आहे त्याला दाराबाहेर ठेवणारा हा दर आहे. आणि हॉटेलचे बिल भागवायला एवढे पैसे लागत नाहीत, हे संयोजकांनाही ठाऊक आहे. विकले जाते ते जेवण नाहीच. विकली जाते ती जवळीक. ज्याचा चेहरा रोज रात्री घराघरांत दिसतो, त्याच्याशी हस्तांदोलन करून काढलेला फोटो दुकानात लावता येतो, साहेबांच्या कचेरीत दाखवता येतो, पुढाऱ्याच्या व्हॉट्सअॅपवर पाठवता येतो. मराठवाड्याच्या विकासाचा अनुशेष ही या व्यवहारातली फक्त पाटी आहे.

पैसे गोळा करण्याला माझा विरोध नाही. अभ्यासाला पैसा लागतो. गावोगाव फिरायचे, माहिती मागवायची, अर्ज करायचे, अहवाल छापायचे, वेळ पडली तर कोर्टात जायचे, तर खिशात दमडी नसताना ते होत नाही. पण पैसा कुणाकडून घेतला आणि त्या बदल्यात काय दिले, यावर संस्थेची इभ्रत ठरते. महाराष्ट्राला हे नवीन नाही. २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली, ती आपल्याकडची पहिली खरी धोरणसंस्था म्हणायला हरकत नाही. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, तिचा आधार होते. पुढे न्यायमूर्ती रानड्यांनी तिला अभ्यासाची बैठक दिली. त्या सभेचा सभासद होण्याची अट आजच्या प्रत्येक मंचाच्या चालकाने पाठ करावी अशी आहे. किमान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणल्याशिवाय सभासद होता येत नसे. नुसती वर्गणी भरून कुणाला लोकांच्या वतीने बोलण्याचा हक्क मिळत नव्हता. लोकांनी तो सही करून द्यावा लागत होता. १८७६-७७ चा दुष्काळ पडला तेव्हा या सभेने जिल्ह्याजिल्ह्यांत आपली माणसे पाठवली, माहिती गोळा केली आणि ती सरकारपुढे ठेवली. परक्या राजवटीत, मोटारी नसताना, हे काम झाले. आजच्या मंचाला नांदेडहून मुखेडला यायला दोन तास लागतात आणि तेवढे होत नाही.

व्यापारी-उद्योजकांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेलाही उघडे राहता येते, याचा दाखला मुंबईत आहे. फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज ही १९५६ सालची संस्था उद्योगपतींचीच. तिच्या मतांशी माझे अजिबात जमत नाही. पण कायदेपंडित नानी पालखीवालांचे अर्थसंकल्पावरचे भाषण तिने सगळ्यांसाठी खुले ठेवले. एका हॉटेलच्या छोट्या दालनात सुरू झालेले ते भाषण ऐकायला पुढे ब्रेबॉर्न स्टेडियम भरू लागले. वक्ता मोठा असेल तर त्याला मैदानात उभे करावे, लोक येतात. वक्त्याला दालनात कोंडून दारात दर लावायचा, तर तो मंच समाजाचा राहत नाही, पैसे भरणाऱ्यांचा होतो.

मराठवाड्यात तर याहून कडक परंपरा आहे. गोविंदभाई श्रॉफ निजामाविरुद्ध लढलेले. त्यांच्या नेतृत्वाखाली मराठवाडा जनता विकास परिषदेने रेल्वे रुंदीकरणापासून वैधानिक विकास मंडळापर्यंतचे प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरले. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांच्या समितीने १९८४ मध्ये राज्याचा अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांचा काढला, तेव्हापासून तो शब्द आमच्या बोलण्यात रुजला. १ मे १९९४ ला वैधानिक मंडळे अस्तित्वात आली. ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही. कोरोनाच्या टाळेबंदीत मराठवाड्याचे एक घटनात्मक हत्यार हातातून गेले. त्या दिवसापासून आजपर्यंत टीव्हीवर या विषयावर किती रात्री चर्चा झाली? ज्या अँकरला मराठवाड्याच्या प्रश्नांचा जाणकार म्हणून विमानाचे तिकीट पाठवले जाते, त्याने स्वतःच्या कार्यक्रमात ही मुदत संपल्याचा जाब कुणाला विचारला? आधी हे तपासा, मग शाल घाला.

अशाच एका कार्यक्रमाला मी पैसे भरून गेलो, कारण मला एक प्रश्न विचारायचा होता. मंचाचे, हॉटेलचे, पाहुण्यांचे नाव मी लिहीत नाही. नाव बदलले तरी चित्र बदलत नाही. व्यासपीठामागे भलामोठा फलक. वरच्या अर्ध्या भागात पाहुण्यांचा फोटो आणि विषय, खालच्या अर्ध्या भागात देणगीदारांची नावे: एक बियाणे कंपनी, दोन शिक्षणसंस्था, एक पतसंस्था आणि सिंचनाची, रस्त्याची कामे घेणारे गुत्तेदार. गोल टेबलांवर राखीव असल्याच्या चिठ्ठ्या. सत्कारात पाऊण तास गेला. पाहुणे चाळीसेक मिनिटे बोलले. दिल्लीतले किस्से, कोणत्या नेत्याने मुलाखतीच्या आधी काय सांगितले, कोण कुणाशी बोलत नाही. मराठवाडा भाषणात आला तो संतांची भूमी म्हणून आणि दुष्काळ म्हणून. एका धरणाचे नाव नाही, एका शासन निर्णयाचा उल्लेख नाही.

मग प्रश्न. हात वर करून विचारायचे नाहीत, कागदावर लिहून द्यायचे, सूत्रसंचालक वेळेनुसार निवडतील. मी लिहिले: लेंडी प्रकल्पाच्या बुडीत गावांचे पुनर्वसन पूर्ण होण्याआधी पाणी का अडवले, हे आपण आपल्या कार्यक्रमात मंत्र्यांना विचाराल का? सूत्रसंचालकाने तो कागद उघडला, वाचला, घडी घातली आणि फाइलखाली सरकवला. तीन प्रश्न वाचले गेले. येत्या निवडणुकीत कुणाचे सरकार येईल, पत्रकारितेत येऊ इच्छिणाऱ्या मुलांना काय सांगाल, आणि आपल्या आवाजाचे रहस्य काय. टाळ्या पडल्या, जेवण वाढले.

फलकावर गुत्तेदाराचे नाव होते म्हणून माझा प्रश्न दडपला, असे मी म्हणत नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण पैसे देणाऱ्यांची नावे डोक्यावर लटकत असतील आणि प्रश्नांच्या चिठ्ठ्या संयोजकाच्या मुठीत असतील, तर न वाचलेल्या प्रत्येक चिठ्ठीवर संशय येणारच. तो संशय फेडण्याची जबाबदारी माझी नाही. ती मंचाची आहे.

आता तो प्रश्न काय होता ते सांगतो, कारण त्या दालनात तो सांगता आला नाही. लेंडी हा महाराष्ट्र आणि पूर्वीचा आंध्र, आताचा तेलंगणा, यांचा आंतरराज्य प्रकल्प. मुखेड तालुक्यात गोणेगावजवळ धरण. १९८० च्या दशकात काम हाती घेतले. मुखेड-देगलूरच्या शिवाराला आणि तिकडे तेलंगणाला पाणी मिळायचे होते. तेव्हा बापाच्या खांद्यावर बसून मोजणी पाहिलेल्या पोरांना आता नातवंडे झाली. मावेजा, गावठाण, वाढीव कुटुंबे यांचे कागद कलेक्टर कचेरीत आणि मंत्रालयात फिरत राहिले. आधी पुनर्वसन, मग घळभरणी, म्हणजे धरणाची उरलेली भिंत भरून पाणी अडवणे, एवढीच बुडीत गावांची मागणी होती. २०२५ च्या उन्हाळ्यात विरोध असतानाही घळभरणीचे काम पुढे रेटले गेले. १७ ऑगस्टच्या रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि १८ ऑगस्टला पहाटे रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगोली ही गावे पाण्यात गेली. हसनाळला माणसे बुडून मेली. जनावरे दावणीला बांधलेलीच मेली. लोकांना काढायला सैन्य बोलवावे लागले.

पाऊस निसर्गाचा होता, हे मान्य. पण त्या रात्री त्या घरांत माणसे झोपलेली होती, हे निसर्गाने ठरवले नव्हते. चाळीस वर्षे ज्यांना हलवायचे होते ती माणसे तिथेच का होती, हा धोरणाचा प्रश्न आहे. धोरणाचा अभ्यास करणाऱ्या मंचाला याहून मोठा विषय मुखेड तालुक्यात कोणता मिळणार आहे? बुडीत गावांतल्या घरांची यादी करा, किती जणांना मावेजा मिळाला, किती जणांना प्लॉट मिळाला, नव्या गावठाणात पाणी-वीज आहे का, ते लिहा. पाणी अडवण्याचा आदेश कुणाच्या सहीने निघाला, ते माहिती अधिकारात काढा. या कामाला पाच-सहा पोरे, दोन मोटारसायकली आणि तीन महिने लागतील. एका जेवणाच्या खर्चात ते भागेल. पण त्या अहवालाचे प्रायोजकत्व फलकावरच्या नावांपैकी कुणी घेणार नाही, आणि म्हणूनच तो अहवाल लिहिला जात नाही.

आता टीव्हीच्या पत्रकाराकडे वळतो. पुराच्या दिवसांत कॅमेरे हसनाळला आले, हे खरे. लातूरलाही आले होते. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून ५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोचली, तेव्हा स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती. देशभर बातमी झाली. पण लातूर त्या अवस्थेला का आले, मांजरा धरण कोरडे पडेपर्यंत पाण्याचे नियोजन कुणी आणि कसे केले, त्याच पट्ट्यात उसाला पाणी किती गेले, या चौकशीला कॅमेरा थांबला नाही. गाडी बंद झाली आणि वाहिन्याही गेल्या. संकटाच्या दिवशी यायचे, संकटाच्या कारणांकडे पाठ फिरवायची, आणि मग त्याच प्रदेशात मानधन घेऊन संकटावर भाषण द्यायचे, हे पत्रकारितेत बसते असे मला वाटत नाही.

मानधन म्हणजे लाच, असे माझे म्हणणे नाही. पत्रकारालाही संसार आहे, प्रवास आहे, वेळेची किंमत आहे. माझा आक्षेप सरळ आहे. ज्या गुत्तेदाराच्या, संस्थाचालकाच्या, बियाणे कंपनीच्या पैशातून पाहुण्याचे पाकीट भरले, त्याच्याविरुद्ध उद्या बातमी आली तर हा पत्रकार काय करील? बोगस बियाण्याची तक्रार घेऊन बाऱ्हाळीचा शेतकरी त्याच्या वाहिनीच्या वार्ताहराला फोन करील, तेव्हा काय होईल? कदाचित बातमी लागेलही. पण ती लागली नाही, तर का लागली नाही हे त्या शेतकऱ्याला कधीच कळणार नाही. खाल्ल्या मिठाला जागायची आपली रीत आहे. घरात ती गुण ठरते, पत्रकाराच्या धंद्यात तिने वाचकाचा आणि प्रेक्षकाचा घात होतो.

अमेरिकेत हा वाद तीस वर्षांपूर्वी होऊन गेला. एबीसी या वाहिनीच्या कोकी रॉबर्ट्स यांनी एका महिला संस्थेच्या कार्यक्रमात भाषण केले, त्याचे ३५ हजार डॉलर मानधन टोयोटा गाड्यांच्या वितरकाने भरले, आणि त्यावरून पत्रकारांनीच पत्रकारांना धारेवर धरले. १९९४ मध्ये एबीसीने आपल्या बातमीदारांना व्यापारी संघटनांकडून आणि कंपन्यांकडून असे मानधन घ्यायला मनाई केली. नामवंत अँकर चिडले, पण नियम झाला. आपल्याकडे कोणत्या मराठी वाहिनीने असा नियम प्रेक्षकांपुढे ठेवला आहे? प्रेस कौन्सिलचे अधिकार वृत्तपत्रांपुरते आणि वृत्तसंस्थांपुरते आहेत. टीव्हीच्या पत्रकाराला तिथेही उत्तर द्यावे लागत नाही.

नांदेड जिल्ह्याने तर या बाबतीत बेसावध राहणे अक्षम्य आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण आमच्याच जिल्ह्यातल्या भोकरमधून उभे होते. त्यांची स्तुती करणारा एकच मजकूर वेगवेगळ्या मराठी दैनिकांत बातमी म्हणून छापून आला, हे पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त उघडे केले. त्या मजकुरावरचे ‘अशोकपर्व’ हे नाव तेव्हा देशभर गेले. चव्हाणांनी निवडणूक खर्चात वृत्तपत्रीय जाहिरातींसाठी ५,३७९ रुपये आणि केबल टीव्हीसाठी ६,००० रुपये दाखवले होते. विरोधी उमेदवार माधव किन्हाळकर आणि इतरांनी तक्रार केली. जुलै २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने खर्चाच्या हिशेबावर ठपका ठेवला. सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला. कायद्याने चव्हाण सुटले. वाचक मात्र अडकला तो अडकलाच. त्या पानांत बातमी कोणती आणि जाहिरात कोणती, हे त्याला कुणी सांगितले नाही. पैसे घेऊन छापलेल्या अशा बातम्यांवर प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने नावानिशी लिहिलेला अहवाल २०१० मध्ये कौन्सिलनेच दाबला आणि त्याची छाटलेली आवृत्ती काढली. पूर्ण अहवाल माहिती अधिकारामुळे २०११ मध्ये बाहेर आला. पत्रकारितेतला पैसा लपवायला पत्रकारितेचीच संस्था पुढे सरसावली, हे आम्ही पाहिले आहे. त्यामुळे ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ हे आता चालणार नाही.

संयोजक म्हणतील, ही खासगी देणगी आहे, तुमचा काय संबंध? संबंध आहे. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली संस्था सार्वजनिक न्यास असते, चालकाची खासगी मालमत्ता नसते. आयकर कायद्याखाली मान्यता मिळालेली संस्था असेल तर देणगीदाराला करसवलत मिळते, म्हणजे त्या देणगीत सरकारी तिजोरीचा हिस्सा असतो. तिजोरीत मुखेडच्या तांड्यावरून उचल घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या मजुराने साबणावर, चपलेवर भरलेला कर असतो. त्याचे पैसे लागले आहेत, तर हिशेब त्यालाही दिसला पाहिजे. राजकीय पक्षांना पैसा कुणी दिला हे जाणण्याचा मतदाराला हक्क आहे, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ ला निवडणूक रोखे रद्द केले. जे मंच सरकारला निवेदने देतात, मंत्र्यांच्या बैठकांत बसतात, समित्यांवर आपली माणसे पाठवतात, त्यांना या तत्त्वातून सूट का मिळावी?

असेही म्हणतील की नावाजलेला माणूस आणल्याशिवाय लोक पैसे देत नाहीत. मग लोकांचा तुमच्या कामावर विश्वास नाही, एवढे मान्य करा आणि आधी तो कमवा. शंभर रुपयांच्या पावत्या फाडा. हजार माणसांनी शंभर-शंभर दिले तर लाख रुपये होतात, आणि हजार माणसे पुढच्या वर्षी विचारायला येतात की काय केले. त्या विचारणाऱ्यांची धास्ती वाटते म्हणून वीस गुत्तेदारांचे पाच-पाच हजार बरे वाटतात. लाखच होतात, पण जाब विचारायला कुणी येत नाही.

म्हणून मुखेडच्या व्यापाऱ्यांना, डॉक्टरांना, शिक्षकांना माझे सांगणे आहे. पुढच्या वेळी प्रवेशिकांचे पुस्तक घेऊन माणूस दारात आला की त्याला बसवा, पाणी द्या आणि चार गोष्टी विचारा. पाहुण्याला किती मानधन देणार आणि ते कोण भरणार? गेल्या वर्षीच्या देणगीदारांची नावे आणि रकमा कुठे छापल्या? गेल्या वर्षीच्या पैशातून कोणता अभ्यास केला, त्याची प्रत दाखवा. आणि तेच भाषण त्याच पाहुण्याने संध्याकाळी मुखेडच्या मोंढ्यात, फुकट, उघड्यावर, हसनाळ-रावणगावच्या लोकांसमोर, हातात माईक देऊन प्रश्न घेत करायला त्याची तयारी आहे का? या चारही प्रश्नांची उत्तरे मिळाली तर पाच हजार काय, दहा हजार द्या, मीही देईन. उत्तरे मिळाली नाहीत, तर पावती फाडू देऊ नका.